कठड्यावरचे दिवे समान अंतरावर: माप जमिनीवरच उरका

दिवसा कठड्यावरच्या माळेकडे कुणाचं लक्ष जात नाही. अंधार पडला की भिंत नाहीशी होते आणि उरतात फक्त ठिपके. मग एखादा दिवा दोन बोटं खाली आलेला असेल, किंवा दोन दिव्यांच्या मध्ये मोठी फट पडलेली असेल, तर नजर नेमकी तिथेच जाऊन अडते. समोरच्या ओट्यावर बसलेली आजी लगेच म्हणते, "समदं वाकडं दखाई ऱ्हायनं रे भो!" तिला टेप लागत नाही आणि तिचं चुकतही नाही.

नवख्यांची पद्धत बहुतेक ठरलेली असते. माळ आणायची, शिडी लावायची, एक खिळा ठोकायचा, वीतभर पुढे दुसरा. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो माळ संपते, नाहीतर चार हात उरते. एका हाताने शिडी धरून, डोळ्यांवर ऊन घेऊन कुणालाच नीट मोजता येत नाही. म्हणून दिवे भिंतीला लावूच नका, पट्टीला लावा. पट्टी अंगणात सावलीत बसून, होल पाडून त्यांत दिवे दाबून तयार करायची आणि वर चढवायची ती फक्त पट्टी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते तेव्हापासून ती कामाला लागते. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि जळगावात घर रथाच्या वाटेवर असेल तर कार्तिकी एकादशीचा रथोत्सवही तिच्यावरच निघतो.

कोणते दिवे घ्यायचे

बाजारात तीन प्रकार दिसतील. पहिली स्वस्त माळ, म्हणजे सिरीज, जी थेट २३० व्होल्टच्या प्लगात जाते. तिची वायर बारीक, जोड उघडे, आणि ओल्या कठड्यावर हात लागला तर झटका बसू शकतो. घरात देव्हाऱ्याभोवती ती चालेल, बाहेर मी लावणार नाही. दुसरी स्ट्रिप, म्हणजे चिकट पाठीची पट्टी. तिच्यावरचे दिवे कारखान्यातूनच समान अंतरावर येतात, ५ मीटरचा रोल मिळतो आणि ठरावीक खुणेवरच कापता येतो. ज्याला होल मारायचा कंटाळा आहे त्याने ती घ्यावी. फक्त पाठीचा गम आपल्या उन्हात टिकत नाही, तेव्हा ती अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवून वर लावा.

तिसरा प्रकार पिक्सेल एलईडी, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. लग्नाच्या कमानीवर, मंडळाच्या गेटवर नाचणारी जी नक्षी दिसते ती याचीच. १२ मिलिमीटर जाडीचा रबरी गोळीसारखा दिवा, आत डब्ल्यूएस २८११ नावाची चिप, आणि साधारण ५० दिव्यांची एक माळ. प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा सांगता येतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात, धुळ्याच्या आग्रा रोडवर चौकशी केलीत तर दुकानदार कंट्रोलर (दिव्यांना रंग आणि नक्षी सांगणारी डबी) आणि पॉवर सप्लाय (२३० व्होल्टचे ५ किंवा १२ करणारा) जोडीनेच दाखवेल. घेताना तीन गोष्टी बघा. सगळ्या माळा एकाच लॉटच्या असू द्या, कारण लॉट बदलला की पांढऱ्याची छटा बदलते आणि अंतर कितीही नेमकं असलं तरी ओळ तुटल्यासारखी दिसते. दोन दिव्यांमधली वायर तुम्ही ठरवलेल्या अंतरापेक्षा दोन-चार सेंटिमीटर जास्त हवी. आणि अंगावर आयपी ६७ लिहिलेलं असावं. आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारा, ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा. कानबाईच्या रात्री पाऊस असतोच.

हिशेब

इथे घाई करू नका, सगळी गंमत याच भागात आहे.

५० दिव्यांची माळ, ६ सेंटिमीटर अंतर, आणि ३ मीटरची पट्टी. या तीन आकड्यांचं छान जमतं, कारण ५० गुणिले ६ म्हणजे ३००. एक माळ, एक पट्टी. पहिला होल पट्टीच्या टोकापासून ३ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या अंतरावर. पुढचे ९, १५, २१ असे करत शेवटचा २९७ वर. म्हणजे दुसऱ्या टोकालाही ३ सेंटिमीटर उरतात. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून बसवल्या की ३ आणि ३ मिळून पुन्हा ६ होतात आणि जोड कुठे आहे ते रात्री सापडत नाही. घराच्या कोपऱ्यावरही हेच. डावीकडची ओळ कोपऱ्यापासून ३ वर संपते, उजवीकडची ३ वर सुरू होते.

आता घर मोजा. समजा पुढची बाजू २४ फूट आहे, म्हणजे ७३१.५ सेंटिमीटर. भागिले ६ केलं की जवळपास १२२ येतात. ५०, ५० आणि २२ दिव्यांच्या तीन पट्ट्या झाल्या, अर्धा सेंटिमीटर कुठेही मुरेल. पण प्रत्येक घर इतकं समजूतदार नसतं. बाजू ७५४ सेंटिमीटर निघाली तर १२५ दिव्यांना ७५० लागतात आणि ४ उरतात. ते चार शेवटच्या फटीत ढकलू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन सोडा, नाहीतर अंतरच ६.०३ धरा. ०.३ मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही, चार सेंटिमीटरची फट मात्र गल्लीच्या टोकावरून दिसते.

आकृती बंद असेल तर हिशेब बदलतो. सरळ ओळीत दोन्ही टोकांना दिवा ठेवला तर ५० दिव्यांमध्ये ४९ फटी असतात. गोल किंवा चांदणीत मात्र ५० दिव्यांना ५० फटी. पाच टोकांच्या चांदणीला दहा बाजू असतात. प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटरची केली की घेर ३०० येतो, ६ सेंटिमीटरवर बरोबर ५० दिवे बसतात आणि दहाही कोपऱ्यांवर एकेक दिवा पडतो. इथे अर्ध्या अंतराचा नियम सोडायचा, कारण चांदणीचं टोक उजळलं नाही तर ती चांदणी वाटत नाही. त्याच माळेचा गोल करायचा असेल तर व्यास ९५.५ सेंटिमीटर ठेवा.

गोलासाठी वेगळी फ्रेम विकत घेऊ नका. ठिबकची १६ एमएमची काळी नळी, म्हणजे लॅटरल, आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या खळ्यात पडलेली असतेच. ३ मीटरचा तुकडा कापा, जॉइनरने दोन टोकं जोडा, तयार झाला गोल. मध्ये एक काडी आडवी आणि एक उभी बांधली की तो चपटा होत नाही. दिवे बाहेरच्या अंगाला झिप टायने बांधायचे. ही नळी काळी असते ती कार्बन ब्लॅक घातल्यामुळे, आणि त्यानेच ती वर्षानुवर्षं शेतातलं ऊन सोसते. झिप टायसुद्धा काळेच घ्या. पांढरे एका उन्हाळ्यात कडक होतात आणि हाताने दाबले तरी तुटतात.

आणि हो, इनलाइन लॅटरलमध्ये ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकायच्या जागा, नळीतच ठरलेल्या अंतरावर असतात. मोठे बल्ब टांगायचे असतील तर जुनी इनलाइन ताणून बांधा आणि प्रत्येक ड्रिपरपाशी एक बल्ब अडकवा. मोजायची गरजच नाही. पिक्सेलच्या बारीक कामाला मात्र ती नको. पॉलिथिलीन उन्हात फार लांबते, दुपारी शेतात लॅटरल कशी वळवळत पडलेली असते ते सगळ्यांना माहीत आहे.

पट्टी आणि होल

पट्टीसाठी माझी पहिली पसंती अ‍ॅल्युमिनियमची. सेक्शनच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे चपटी पट्टी किंवा एल-अँगल मिळतो, कधी कापून उरलेले तुकडेही स्वस्तात मिळतात. दुसरी सोय म्हणजे वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी. ती स्वस्त आणि होल मारायला सोपी, पण दोन-तीन वर्षांत पिवळी पडते. तिचं झाकण बाजूला ठेवा, दिव्याची शेपटी आत मावत नाही. पट्टी ३ मीटरपेक्षा आखूड मिळाली तर लांबीला ६ ने भाग जाईल एवढी कापा. अर्धं अंतर टोकाला, हा नियम तोच.

खुणा करताना टेप पट्टीच्या टोकाला एकदाच लावायचा आणि शेवटपर्यंत हलवायचा नाही. मागच्या खुणेपासून पुढची खूण मोजत गेलात तर दर वेळी एक मिलिमीटरची चूक होते, आणि ५० व्या दिव्यापर्यंत ती ५ सेंटिमीटर झालेली असते. शेवटची खूण २९७ वर आली का, एवढं तपासलं की पुरे.

पहिली पट्टी अशी काळजीने करा. ती तुमची मुख्य पट्टी. बाकीच्यांवर पुन्हा मोजमाप करायचं नाही. मुख्य पट्टी वर, खाली दोन-तीन कोऱ्या पट्ट्या, टोकं जुळवून सी-क्लॅम्पने आवळा आणि सगळ्यांतून एकदमच ड्रिल घाला. पट्ट्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. शेजारच्या घरासाठी करायच्या असतील तरी हीच मुख्य पट्टी द्या, मग पूर्ण गल्लीचं अंतर एक होतं.

आधी खिळ्याने ठोसा, मग ३ मिलिमीटरचा बिट, मग १२ चा. थेट १२ चा लावलात तर बिट सरकतो. पट्टीखाली लाकडी फळी ठेवा, नाहीतर पीव्हीसीची मागची बाजू फुटते. अ‍ॅल्युमिनियमला स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा बिट, छान चालतो. होल झाल्यावर कडा कानशीने किंवा मोठ्या बिटने हाताने फिरवून साफ करा. धारदार कडेवर वायर घासली की पुढच्या वर्षी तिथेच बिघाड निघतो. पहिला होल नेहमी भंगार तुकड्यावर पाडून बघा. दिवा मागून अंगठ्याने दाबून आत जायला हवा आणि हलकं ओढल्यावर निघता कामा नये. ढिला वाटला तर अर्ध्या मिलिमीटरने लहान बिट घ्या.

दिवे दाबायच्या आधी माळ जमिनीवर पेटवून पाहा. लाल, हिरवा, निळा, पांढरा, चारही. ५० दिवे दाबून झाल्यावर तेरावा मेलेला निघाला की मनस्ताप होतो. माळेला दिशा असते. वायरीवर किंवा चिपजवळ बाण असतो, तो कंट्रोलरपासून दूर जायला हवा. उलटी बसवलीत तर काहीच पेटणार नाही. वायरचा सैल भाग सगळीकडे एकाच बाजूला दुमडा, खालच्या बाजूला. पावसाचं पाणी त्या वळणावरून खाली गळून जातं, दिव्याच्या तोंडाशी येत नाही.

उन्हाचं गणित

हे खान्देशात टाळता येत नाही. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दिवाळीच्या दिवसांतही दुपारी तापलेली पट्टी आणि पहाटेची गार पट्टी यांच्यात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ३ मीटरची पीव्हीसी पट्टी ५ ते ७ मिलिमीटर लांबते. अ‍ॅल्युमिनियमची साधारण २ मिलिमीटर. दोन्ही टोकं स्क्रूने घट्ट आवळलेली असतील तर लांबलेल्या पट्टीला जायला जागा नसते. ती मधोमध पुढे फुगते, आणि संध्याकाळी ओळीला पोट आलेलं दिसतं.

उपाय सोपा आहे. पट्टीचा मधला स्क्रू घट्ट, बाकीचे स्क्रू लांबट होलमधून आणि अर्धी पिळी ढिले. शिवाय होल मारून झाल्यावर पीव्हीसी पट्टीची दोन्ही टोकं ३-३ मिलिमीटर कापून टाका. दोन पट्ट्यांमध्ये ६ मिलिमीटरची फट राहते, दिव्यांचं अंतर मात्र ६ सेंटिमीटरच. अ‍ॅल्युमिनियमला १-१ मिलिमीटर पुरे.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या दिवसांत सजावट करणाऱ्यांनी तर पीव्हीसीच्या नादी लागू नये.

वर चढवताना

कठड्याच्या दोन टोकांना दोन खुणा करा आणि गवंडी धरतात तशी लाइनदोरी ताणून बांधा. पट्टी दोरीला धरून बसवायची, डोळ्याच्या अंदाजाने नाही. इथे एक प्रश्न हमखास येतो. कठडा स्वतःच लेव्हलमध्ये नसेल तर? दोरी पाण्याच्या लेव्हलने लावायची की कठड्याच्या कडेने? मी कडेने लावतो. रस्त्यावरचा माणूस दिव्यांची ओळ कडेशी ताडून बघतो. कड उतरती आणि दिवे लेव्हलमध्ये असतील तर दिवेच वाकडे वाटतात. पण दोन टोकांत चार-पाच बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर लेव्हल धरा आणि पट्टी कडेपासून चांगली वीतभर खाली घ्या, म्हणजे तुलनाच होत नाही.

स्लॅबच्या घराला भिंतीत होल पाडू नका. वेल्डरकडून लोखंडी पट्टीचे उलट्या यू आकाराचे क्लॅम्प वाकवून घ्या, ते कठड्याच्या माथ्यावर बसतात आणि पट्टी बाहेरच्या अंगाला लटकते. दर ६० सेंटिमीटरला एक क्लॅम्प. सगळं काम गच्चीवर उभं राहून होतं, शिडी लागत नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर पत्र्याला नव्हे, खालच्या अँगलला काळ्या झिप टायने बांधा. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या कठड्याला स्क्रू धरत नाही. तिथे पुढच्या लाकडी तुळईला पट्टी लावा, नाहीतर बांबू आडवा बांधून त्याला.

रस्त्यावरची वीजतार घराजवळून जात असेल तर त्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊ नका आणि ३ मीटरची पट्टी उभी धरू नका. तीच पट्टी वर उचलताना तारेला लागते. तिथे आडवी धरून, दोघांनी मिळून न्या. अगदी अंगावर तार असेल तर ती बाजू अंधारी राहू द्या.

वीज

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, घरात कोरड्या जागी ठेवा. बाहेर फक्त ५ किंवा १२ व्होल्ट जाऊ द्या. एसएमपीएसला अर्थिंग द्या आणि ज्या प्लगवर तो लावलाय तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, असू द्या.

५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो. ५० दिव्यांना ३ अँपिअर, १२२ ना सव्वासात. एसएमपीएस त्याच्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा, म्हणून १० अँपिअरचा घ्या. खरी अडचण वायरच्या लांबीची. दीड एमएमच्या वायरने १० मीटरवर ३ अँपिअर नेले की पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. १२ मधून पाऊण गेला तर कळत नाही, ५ मधून गेला तर लगेच दिसतं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे ओळीच्या शेवटी पांढरा रंग पिवळा आणि मग तांबूस होत जातो. अंतर कितीही काटेकोर असलं तरी अशी ओळ विजोडच दिसते. म्हणून एसएमपीएस गच्चीपासून लांब असेल तर १२ व्होल्टच्या माळा घ्या. त्यांचे वॅट जास्त भरतात, पाकिटावर वाचून हिशेब करा. ५ व्होल्टला दर ५० दिव्यांना आणि १२ ला दर १०० दिव्यांना एसएमपीएसकडून वेगळी वायर आणून पुन्हा वीज द्या. प्लस, मायनस दोन्ही. कंट्रोलरचा मायनस आणि एसएमपीएसचा मायनस जोडलेला नसेल तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. कंट्रोलरपासून पहिल्या दिव्यापर्यंतची सिग्नलची वायर ३ मीटरच्या आत ठेवा.

उजेड ३०-४० टक्क्यांवर ठेवा. गावातल्या गल्लीत तेवढा भरपूर होतो, वायर तापत नाही आणि दिवा ठिपक्यासारखा सुटा दिसतो. पूर्ण उजेडात शेजारचे दिवे एकमेकांत मिसळतात आणि केलेली सगळी मापं वाया जातात.

मंडळाच्या सजावटीसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. तारेवर आकडा टाकणं ही विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे, आणि त्या आकड्याच्या मागे ना फ्यूज असतो ना आरसीसीबी.

काढताना

दिवे पट्टीतून काढू नका, पट्टी दिव्यांसकट उतरवा. पाठीवर मार्करने "समोर-१", "समोर-२" असं लिहा, बाण काढा आणि कुठल्या टोकाला वीज दिली ते लिहा. माळेची मोकळी टोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर मुंग्या घर करतात. पट्ट्या एकावर एक बांधून पलंगाखाली किंवा भिंतीला उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, मे महिन्यात तिथे पीव्हीसी वाकते आणि उंदीर वायरी कुरतडतात. श्रावण लागायच्या आठवडाभर आधी खाली काढून एकदा पेटवा. मेलेला दिवा कापून नवा जोडायला त्याच लॉटचे दोन-तीन दिवे बाजूला ठेवलेले असले की बाजारात जायची वेळ येत नाही.